पत्र्याच्या आतली भिंत

व्हॅनचं घर करायला घेणारा माणूस भिंतीचा विचार उलट्या टोकाकडून सुरू करतो. आधी ठरतो तो शेवटचा थर: लाकडी पट्ट्या हव्यात की पांढरं लॅमिनेट, कापड की बांबू. मग मागे फोम कोणता, वायरी कुठून न्यायच्या, पॅनल कशाने धरायचं हे प्रश्न येतात. पत्र्याच्या खालच्या कडेला कंपनीने पाणी निघून जायला ठेवलेली भोकं तर बहुतेकांच्या हिशेबातच नसतात. भोर आणि वेल्हे तालुक्यांत ही उलटी सुरुवात महागात पडते. (वेल्ह्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड तालुका झालं आहे, लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे, म्हणून इथेही तेच ठेवतो.)

पुण्यातून गाडी घेऊन निघालेल्यांची पहिली मुक्कामाची रात्र बहुधा याच भागात जाते. पानशेतचा काठ, भाटघर धरणाचं बॅकवॉटर, राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे, केळदच्या पुढचा मढे घाट. अंतर थोडं, पण हवामान दोन टोकांचं. पूर्वेला किकवी-नसरापूरकडे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, तेव्हा पश्चिमेला वरंध घाटातली वाहतूक दरडींच्या भीतीने बंद केलेली असते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाणी पडतं, आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. एप्रिलमध्ये त्याच गाडीचं छप्पर हात ठेववत नाही इतकं तापतं, आणि जानेवारीच्या पहाटे वेल्ह्याच्या खोऱ्यात खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूने ओघळ येतात. ही तिन्ही हवामानं एकाच भिंतीने सोसायची. त्यामुळे ती किती सुंदर दिसते याच्या आधी ती वाळते कशी आणि उघडता येते का, हे विचारायला हवं. माझ्या मते या भागापुरता तोच खरा निकष आहे. साहित्याची सगळी चर्चा त्याच्या मागून यावी.

प्रश्न नवा नाही. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने 1951 मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला, आणि पुढच्या काळात त्या गाड्यांच्या आतून प्लायवूडची पॅनल लागली. पातळ, हलकी, स्क्रूवर बसवलेली. पुण्याशी याचा धागा जवळचा आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणलेली ट्रॅव्हलर ही मर्सिडीजच्या टी 1 व्हॅनवरून घेतलेली. त्याच टी 1 वर वेस्टफालियाने ‘जेम्स कुक’ नावाचा कॅम्पर बांधला होता. त्यामुळे जुन्या ट्रॅव्हलरच्या बरगड्यांमध्ये काय बसतं, याचा अनुभव युरोपात पूर्वीच जमलेला आहे. हवामानाचा अनुभव मात्र आपला आपणच घ्यायचा आहे.

आपल्याकडे भिंत मढवलेली गाडी म्हणजे आधी एसटी. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर धावलेली पहिली बस बेडफर्डची, लाकडी बॉडीची होती. नंतर दापोडीच्या कार्यशाळेत ॲल्युमिनियमच्या बॉड्या झाल्या आणि अलीकडे माइल्ड स्टीलच्या. लाकडाकडून धातूकडे झालेला हा प्रवास कॅम्परवाल्यांनी डोळसपणे पाहावा. एसटीच्या आतल्या भिंतीला कोणी सुंदर म्हणणार नाही. पण तिचे जोड बीडिंग पट्टीखाली झाकलेले, पट्टी रिव्हेटवर बसवलेली, रिव्हेट ड्रिलने उडवला की पत्रा हातात. ज्याला हीच गोष्ट आणखी पुढे नेलेली पाहायची असेल त्याने 108 ची रुग्णवाहिका आतून पाहावी. 2014 पासून महाराष्ट्रात धावणाऱ्या या गाड्यांनी ट्रॅव्हलरचं आतलं रूप गावोगाव पोचवलं. गुळगुळीत, धुता येणारी, पाण्याला न बधणारी भिंत कशी असते ते तिथे दिसतं. घरपण शून्य, पण बुरशीलाही जागा नाही.

आता पाण्याकडे वळू. झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघं आठ तास झोपली तर साडेसहाशे ग्रॅम. मोठ्या व्हॅनच्या पोकळीत 12 घनमीटर हवा धरली, तर 20 अंशांना त्या हवेत जास्तीत जास्त दोनशे ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. उरलेली एकतर खिडकी-पंख्यातून बाहेर जाते, नाहीतर थंड पत्र्यावर जाऊन बसते. त्यात स्वयंपाक. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, कुकरची शिट्टी वेगळीच. म्हणजे छप्पर कुठूनही गळत नसलेल्या गाडीतही भिंतीमागे पाणी पोचतं.

परदेशातल्या मार्गदर्शनात यावर ठरलेला उपाय असतो: फोमच्या आतल्या बाजूने प्लास्टिकचा बाष्परोधक पडदा. नॉर्वे किंवा कॅनडात तो पटतो. तिथे आतली हवा उबदार आणि ओली, बाहेरची थंड आणि कोरडी, म्हणून वाफेची दिशा वर्षातला बराच काळ एकच. वेल्ह्यात जुलैमध्ये आत 24 अंश, बाहेर 23 आणि दोन्हीकडे हवा पाण्याने गच्च. वाफ कुठूनही येते आणि कुठेच जात नाही. गाडीत एसी लावला तर उलटाच खेळ: बाहेरची ओली हवा आतल्या थंड पॅनलच्या पाठीवर पाणी सोडते, आणि पडदा ते पाणी अडकवून ठेवतो. त्यामुळे इथे पडद्यावर पैसे घालण्यापेक्षा पत्र्याला घट्ट चिकटलेला, पाणी न पिणारा फोम आणि छताला दोन्ही दिशांनी फिरणारा पंखा यांवर घालावेत.

फोमच्या बाबतीत मतं पुष्कळ आहेत, पण निवडीला वाव फार नाही. एसीच्या डक्टला लावतात ती काळी नायट्राइल रबर शीट कॅम्परवाल्यांची लाडकी झाली आहे, आणि ते बरोबरच आहे. बंद पेशींची, वाकणारी, पाठीमागे डिंक असलेली, पत्र्याच्या गोलाईला बिलगणारी. तिच्यामागे हवा राहत नाही, म्हणून पत्र्यावर दव धरत नाही. थर्माकोल स्वस्त, पण वाकत नाही, आणि गाडी हलली की पत्र्यावर घासून चिरचिरतो. रॉकवूल घराला उत्तम, गाडीत मात्र हादऱ्यांनी खाली बसतं आणि ओलं झालं की ओलंच राहतं. स्प्रे करायचा पीयू फोम उष्णता अडवण्यात सगळ्यांच्या पुढे, पण तो एकदा फवारला की पत्रा, वायर, भोक सगळं त्याच्या पोटात जातं. खालची पाणी निघायची भोकं बुजली की दाराचा तळ आतून गंजायला लागतो आणि बाहेर रंगाला फोड येईपर्यंत कळतही नाही. मी तरी घाटमाथ्यावर फिरणाऱ्या गाडीत पीयू फवारणार नाही. चंदेरी बबल शीटबद्दल दुकानदार जे सांगतात त्यात एक गोष्ट राहून जाते: चकाकी उष्णता परतवते ती समोर मोकळी हवा असेल तरच. पत्रा आणि प्लायच्या मध्ये दाबून बसवली तर तिचा उपयोग नावापुरता.

लोकरीबद्दल दोन शब्द, कारण ब्रिटन-अमेरिकेत मेंढीची लोकर भिंतीत भरायची मोठी हौस आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा धरते आणि पुन्हा सोडते. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीला घोंगडीपलीकडे फारसं गिऱ्हाईक नाही, त्यामुळे कल्पना मोहात पाडणारी आहे. पण ज्या डोंगरात ही गाडी उभी राहणार तिथले गवळी धनगर म्हशी पाळतात. मेंढ्या राहतात पूर्वेच्या कोरड्या माळावर, आणि त्यांच्यामागची माणसंही मेंढ्यांना मोठ्या पावसापासून दूर ठेवतात. ओलावा सोडायला कोरडी हवा लागते, आणि ती जून ते सप्टेंबर मिळत नाही. शिवाय कसर लागते.

इतकं झाल्यावर प्रश्न येतो दिसणाऱ्या थराचा. इथे आधी एक गैरसमज काढू. जाड लाकडी आवरण घातलं की गाडी थंड राहते, असं पुष्कळांना वाटतं. 4 मिलिमीटर प्लाय उष्णता अडवण्यात जेमतेम 1 मिलिमीटर फोमच्या तोडीची आहे. आवरणाचं काम फोम झाकणं, खांद्याचे-कोपराचे धक्के खाणं आणि डोळ्यांना बरं दिसणं. म्हणून ते हलकं असावं. मोठ्या ट्रॅव्हलरच्या भिंती आणि छत मिळून अठरा-वीस चौरस मीटर धरू. 4 मिलिमीटर प्लायने ते मढवलं तर 50 किलोच्या आत काम होतं. त्यावर घरातल्या कपाटासारखं 1 मिलिमीटरचं लॅमिनेट चिकटवलं की आणखी पंचवीसेक किलो. सुताराने सवयीने 12 मिलिमीटरची प्लाय सुचवली आणि आपण मान डोलावली, तर दीडशे किलो नुसत्या भिंतीत गेले. पाबे घाटाच्या चढावर ते इंजिन सांगतं.

प्लायमध्ये प्रत पाहून घ्यावी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. पाहायचा तो शीटवरचा शिक्का: आयएस 710, म्हणजे मरीन. साधी एमआर प्रत ओलाव्यापुढे फार दिवस टिकत नाही, आणि एमडीएफ गाडीत आणूच नये, कडेने एकदा पाणी प्यायला की फुगून पोह्यासारखा होतो. मरीन प्लायचीही पाठ आणि कडा कोऱ्या ठेवू नयेत. लोक पुढची बाजू तीन-तीन हात पॉलिश करतात आणि मागची तशीच सोडतात, खरं तर ओलावा मागूनच येतो. दोन्हीकडे आणि चारही कडांना पीयू कोट मारला की शीट वाकत नाही. फॉर्मल्डिहाइड कमी असलेली, ई 1 किंवा ई 0 प्रतीची शीट मागावी, कारण एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत त्या डिंकाचा वास डोळ्यांना झोंबतो.

खोबण जोडलेल्या लाकडी पट्ट्या चित्रांमध्ये सगळ्यात जास्त दिसतात आणि इथे सगळ्यात जास्त त्रास देतात. लाकूड हवेबरोबर ओलावा घेतं-सोडतं. हवेतली आर्द्रता 40 टक्के असताना त्यात आठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, 85 टक्के असताना अठराच्या. एवढ्या फरकाने 100 मिलिमीटर रुंद पट्टी दीड-दोन मिलिमीटरने फुगते. मे महिन्यात घट्ट बसवलेली भिंत जुलैमध्ये पोट काढते आणि खिळे उपसते. सैल बसवली तर उन्हाळ्यात फटीतून मागचा काळा फोम दिसतो. ज्यांना ही चाल हवीच आहे त्यांनी ती एकाच बाजूला, हेडबोर्डपुरती ठेवावी.

कापड आणि ताणलं जाणारं कार्पेट हा युरोपातला दुसरा आवडता मार्ग. गोलाईवर सुरेख बसतं, आवाज पितं, चुकीचं कापलेलं सगळं झाकतं. कोरड्या गावांत राहणाऱ्यांनी जरूर वापरावं. घाटमाथ्यावर ते ओल्या जॅकेटचा, फोडणीचा आणि कुत्र्याचा वास धरून ठेवतं. रेक्झिन त्यापेक्षा बरं, पुसता येतं. पण छताला चिकटवताना रबरी सोल्यूशनची परीक्षा होते: उन्हात पत्र्याचं तापमान 60 अंशांच्या पुढे गेलं की ते सैल पडतं आणि छताला झोळ येतो. रेक्झिन थेट फोमवर चिकटवण्याऐवजी पातळ प्लायला गुंडाळून, मागे स्टेपल मारून मग वर चढवावं.

ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनल, ज्याला सगळे एसीपी म्हणतात, दुकानांच्या पाट्यांमुळे कुठेही मिळतं, भोरच्या बाजारातही. ते पाण्याला पूर्ण बेफिकीर असतं, धुता येतं, व्ही-खाच मारून वाकवता येतं. कमकुवत जागा आगीची. स्वस्त एसीपीच्या पोटात पॉलिथिलिन असतं. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेली आग अशाच आवरणामुळे पसरली आणि 72 माणसं गेली. गाडीत शेगडी आहे, बॅटरी आहे, आणि दार बहुधा एकच. घ्यायचंच तर खनिज गाभ्याचं, आगरोधक प्रतीचं घ्यावं. दुसरी गोष्ट प्रसरणाची. अडीच मीटरच्या आसपासची पट्टी 40 अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटरहून जास्त लांबते. स्क्रूची भोकं गोल न पाडता लांबट पाडली नाहीत तर ऐन दुपारी भिंत ‘टण्ण’ आवाज करत फुगते. एफआरपीची, म्हणजे फायबरग्लासची, पातळ शीट हे माझ्या मते उपेक्षित राहिलेलं उत्तर आहे. दिसायला दवाखान्यासारखी, म्हणून लोक नाक मुरडतात. स्वयंपाकाच्या ओट्यामागे आणि दाराशेजारी, जिथे ओली छत्री टेकते, तिथे तिच्याइतकं बिनघोर काही नाही. पीव्हीसीच्या पोकळ पट्ट्या तेवढ्याच जलरोधक, पण थंडीत ठिसूळ होतात, पोकळीत मुंग्या घर करतात आणि आगीत त्यांचा धूर विषारी.

बांबूवर थोडं थांबायला हवं, कारण तो या डोंगरांतच उगवतो. वेल्ह्याच्या पश्चिमेकडे बांधाबांधावर बांबूची बेटं आहेत, बुरूडकामाची परंपरा आहे. 2017 मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने ‘वृक्ष’ या व्याख्येतून निघाल्यापासून त्याची तोड-वाहतूकही सोपी झाली आहे. जुन्या घरांच्या आतल्या भिंतीही याच घराण्यातल्या: कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचं लिंपण. दर वर्षी पुन्हा लिंपायची ती भिंत. मुद्दा भावनेचा नाही, वजनाचा आणि लवचिकपणाचा आहे. विणलेली बांबूची चटई 3 मिलिमीटर प्लायवर चिकटवली तर गोलाईवर बसते, हादऱ्यात तडकत नाही आणि ओरखडे लपवते. बंगळूरच्या प्लायवूड संशोधन संस्थेने विकसित केलेला बांबू मॅट बोर्ड तर राळेत दाबूनच तयार होतो, तो प्लायला थेट पर्याय आहे. कच्च्या बांबूचा शत्रू म्हणजे भुंगा. त्याला हवा असतो तो बांबूतला पिष्टांश. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवलेलाच बांबू घ्यावा, नाहीतर उशीवर रोज सकाळी पिवळसर भुकटी पडते. कुडाळच्या कोनबॅकसारख्या संस्थांनी प्रक्रिया केलेल्या बांबूचं काम बरंच पुढे नेलं आहे. भोर-वेल्ह्यात मात्र बांबू अजून मुख्यतः कच्चाच गाडीत चढतो आणि पुण्याला जातो.

साहित्य कुठलंही असो, गाडीतली भिंत टिकते ती धरण्याच्या पद्धतीवर. एक पॅनल जवळून पाहू. बरगडीच्या पत्र्यात भोक पाडलं की आधी लोखंडाचा कीस चुंबकाने किंवा व्हॅक्यूमने उचलायचा, कारण तो तळाशी साठून तिथेच गंज धरतो. भोकाच्या कडेला झिंक प्रायमरचा ठिपका. मग त्यात रिव्हनट दाबायचा, म्हणजे पातळ पत्र्यालाही पक्के आटे मिळतात आणि स्क्रू कितीही वेळा काढला-घातला तरी चालतो. बरगडी आणि प्लाय यांच्यात 3 मिलिमीटरची निओप्रीन पट्टी: ती उष्णतेचा पूल तोडते आणि कुरकुर थांबवते. पुठ्ठ्याचा साचा भिंतीला लावून पेन्सिलने गोलाई उतरवायची, प्लाय कापताना खाली बोटभर फट सोडायची. त्या फटीतूनच पत्र्यावरून ओघळलेलं पाणी भोकांपर्यंत जातं. शेवटी स्टेनलेसचे स्क्रू, डोक्याखाली कप वॉशर. हाताच्या पेराने पॅनल वाजवून पाहायचं. बद्द आवाज आला तर बसलं, खडखडलं तर कुठेतरी पट्टी कमी पडली. पुण्याच्या बोहरी आळीत हे सगळं सामान एका फेरीत मिळतं, रिव्हनटची बंदूक धरून.

याउलट सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू थेट पत्र्यात मारणं झटपट होतं, आणि वरंध उतरून महाडला पोचेपर्यंत त्यातले काही सैल झालेले असतात. पॅनल सिलिकॉनने कायमची चिकटवणारेही आहेत. अशा गाडीत एक वायर तुटली तर भिंत फोडावी लागते. वायरींसाठी लवचिक नळी, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि पॅनल बंद करण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. गावात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतो, आणि त्याला फोम व वायर दोन्ही आवडतात. तेव्हाही पॅनल उघडावंच लागतं.

कायद्याचा भाग थोडक्यात, कारण तो भिंतीहून मोठा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांना आवर घालतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाहीत असा निकाल दिला. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस 124 हे वेगळं मानक आहे. आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस 15061 आहे, अमेरिकेच्या जुन्या नियमाच्या धर्तीवरचं, ज्यात आडवा तुकडा मिनिटाला 102 मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये अशी अट आहे. घरी तेवढी कसोटी कोणीही घेऊ शकतं: अंगणात, बादलीभर पाणी शेजारी ठेवून, निवडलेल्या प्रत्येक साहित्याचा बोटभर तुकडा पेटवून पाहावा. जो थेंब थेंब पेटता टपकतो तो छताला लावू नये. 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या आणि त्यांच्या पार्कांना चालना देणं हा त्याचा रोख आहे. हौसेने स्वतःची गाडी बांधणाऱ्याला आरटीओचा रस्ता स्वतःच चालावा लागतो, आणि तो भिंत बंद करण्याच्या आधी चाललेला बरा.

राहिली वेळ. पुष्कळ जण पावसाळ्यात फिरायला गाडी हवी म्हणून मे अखेरीस घाईने काम काढतात आणि जूनच्या पहिल्या सरींत भिंती बंद करतात. तेव्हा अठरा टक्के पाणी प्यायलेली प्लाय फोमवर दाबली जाते, आणि ते पाणी दिवाळीपर्यंत तिथेच. पत्र्याचं, गंजाचं आणि फोमचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावं. पाण्याच्या पाइपने बाहेरून तासभर छप्पर आणि खिडक्यांच्या कडा झोडपून आत कुठे थेंब येतो ते उघड्या पत्र्यावर पाहून घ्यावं. आवरण एप्रिलमध्ये चढवावं. पहिला पावसाळा काढल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात चाकांवरची दोन खालची पॅनल आणि मागच्या दाराचं एक उतरवावं. पाठीवर काळे ठिपके असतील तर हवा खेळायची भोकं वाढवायची, स्क्रूभोवती तांबडं वर्तुळ असेल तर प्रायमर राहून गेला, आणि सगळं कोरडं असेल तर स्क्रू परत आवळून भाटघरच्या दिशेने निघायचं.